माझी काच, काकांची मिशी

मी एक जुनी ब्युरेट आहे, आणि मित्रांनो, माझ्या जिवावर एकदा दोन शेजाऱ्यांनी मिशीची पैज लावली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पैज लागली ती जिन्याखाली. जिन्याच्या एका हाताला मिशीकाकांचं सलून, दुसऱ्या हाताला टेलरकाकूंचं मशीन. त्या दिवशी मी जुन्या टॉवेलात गुंडाळलेली होते. एका मुलीनं मला छातीशी घट्ट धरलं होतं, आणि तिचे हात असे थरथरत होते की आत मी खुळखुळत होते.

"काय गं खळ्ळू, आज काय फोडायला आणलंस?" मिशीकाकांनी दारातूनच हाक मारली.

खळ्ळू हे काही तिचं खरं नाव नाही. काच फुटताना जो आवाज होतो ना, त्यावरून आख्ख्या बिल्डिंगनं तिचं बारसं केलं होतं.

"ब्युरेट आहे काका. बाईंनी सरावाला दिलीय."

"बाईंना नोकरी नकोशी झाली वाटतं!"

"पोरीला उगाच टोचू नका हो," टेलरकाकूंनी मशीन थांबवलं. "नाही फोडणार ती."

"नाही फोडणार? अहो, बाबांना बोलवायला माझ्या दुकानात आली आणि जाता जाता आफ्टरशेव्हची बाटली आडवी करून गेली! दोन दिवस गिऱ्हाईकं शिंकत होती. ऐका काकू. परीक्षेपर्यंत ही नळी टिकली आणि परीक्षेत हिच्या हातून काही फुटलं नाही, तर ही मिशी..." काकांनी दोन्ही टोकांना पीळ दिला, "हिच्याच हातानं उतरवून घेईन. भर अंगणात, खुर्ची टाकून!"

"आणि फुटलं तर?"

"तर माझ्या आरशांना तुम्ही फुकट झालर शिवायची. आणि अंगणात उभं राहून तीनदा ओरडायचं, मिशीकाका म्हणाले तेच खरं!"

"लागली!" काकू म्हणाल्या.

दोघं खदाखदा हसली. मी मात्र टॉवेलात गारठले. कारण त्या मुलीच्या हातांची ओळख मला त्या दोघांपेक्षा जास्त होती. माझी सख्खी जुळी बहीण तिच्याच हातून गेली होती.

तर पहिल्यापासून सांगते. मी म्हणजे काचेची उंच, सडपातळ नळी. अंगभर बारीक रेघा आणि आकडे, खाली तोटी. ज्या कारागिरानं वितळलेल्या काचेतून मला ओढून काढलं त्यानं आगीसमोर फुंकर घालून घालून माझं टोक इतकं बारीक केलं की द्रव एकेका थेंबानंच बाहेर पडावा. माझ्या पाठोपाठ त्यानं बहीण बनवली. आम्ही एकाच खोक्यात, एकाच भुशात झोपून शाळेच्या प्रयोगशाळेत आलो.

तिथं आमचा थाट होता! पोरं आमच्यात द्रव भरायची, खाली चंबू धरायची, थेंब थेंब सोडायची, आणि ज्या थेंबाला चंबूतला रंग पालटेल तिथं थांबून आमच्या अंगावरचा आकडा वाचायची. बाई म्हणायच्या, "या दोघी कधी खोटं बोलत नाहीत." ऐकून आम्ही जास्तच चकाकायचो. पण काचेचं सुख काचेसारखंच असतं. कोपर लागायचं, स्टँड डुलायचा, आणि दर वेळी पोटात गोळा यायचा. काचेला पोट नसतं म्हणता? एकदा स्टँडवर उलटं लटकून बघा.

मग ती मुलगी आली. पुस्तकात पहिली, हातानं शेवटची! रसायनांची सूत्रं घडाघडा म्हणायची, पण साधं नरसाळं उचललं तरी शेजारची मुलं टेबल सोडून पळायची. पहिल्याच प्रयोगाला तिनं बहिणीची तोटी उजव्या हातानं अशी पिळली, जणू नळाचं वायसर बदलायचंय. कुणीतरी मागून ओरडलं, "सांभाळ!" ती दचकली, स्टँड कलला. खळ्ळ! बहीण माझ्या अंगावरून खाली गेली. जाता जाता माझ्या वरच्या काठाचा टवका तेवढा घेऊन गेली.

मला मोडक्या सामानाच्या कपाटात टाकलं. तिथं एक फुटका चंबू आणि पारा सांडलेला थर्मामीटर होता. दोघंही रात्रंदिवस तिच्याबद्दलच बोलायचे, लहान मुलं बागुलबुवाबद्दल बोलतात तसं.

आणि मग एक दिवस कपाटाचं दार उघडलं. बाई म्हणाल्या, "टोक शाबूत आहे, वरचा टवका काही आड येत नाही. ही घरी ने आणि हात बसव. एक फोडलीस म्हणून परीक्षेला एक कमीच आहे. परीक्षेच्या दिवशी हिलाच घेऊन ये." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "प्रात्यक्षिकात नापास झालीस ना, तर पुढच्या वर्षी विज्ञानात बसवणं माझ्याही हातात राहणार नाही."

मुलीनं मान हलवली आणि हात पुढे केले. मी किंचाळले. काचेची किंचाळी कुणाला ऐकू येते?

घरी तिनं मला खिडकीच्या गजाला केसांच्या दोन रबरांनी बांधलं. खाली तीन मजले आणि फरशीचं अंगण. वारा आला की मी डोळे मिटून घ्यायचे.

खरी भीती मात्र वाऱ्याची नव्हती. तिनं माझ्याकडे हात नेला रे नेला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "सांभाळ गं!" टॅक्सी लावून जिना चढणारे बाबा दारातूनच विचारायचे, "आहे ना अजून?" आणि खालून मिशीकाका मान वर करून रोज पुकारायचे, "फुटलं का?" त्यांच्या मागोमाग गिऱ्हाईकंही ओरडायची. एक जण तर अर्ध्या गालाला साबण फासलेला तसाच बाहेर येऊन ओरडला.

तोटीवर तिची बोटं असल्यामुळे मला जे कळत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. हाक येण्याआधी तिचा हात स्थिर असायचा. हाक आली की थरथरायचा. तिला काचेची भीती नव्हतीच. तिला त्या आवाजाची भीती होती, आणि तो आवाज फुटण्याच्या आधीच यायचा.

एकदा बाबा तिच्याजवळ बसले. "बेटा, नाही जमलं तर नाही जमलं. दुसरं काहीतरी शीक. विज्ञानच कशाला?"

"मला पाणी तपासायचंय बाबा. नळाला येतं ते प्यायचं की नाही, हे सांगणारं कुणीतरी लागतं ना?"

"लागतं. पण त्याच्या हातात बाटली तरी राहायला हवी."

बाबा गमतीनं म्हणाले. पण ती उठून माझ्याजवळ आली आणि गजाला कपाळ टेकून रडली. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिची नाही, तिच्यासाठी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं कानात कापसाचे बोळे घातले. आई ओरडली, काका ओरडले, तिला पत्ताच नाही! डाव्या हाताची बोटं माझ्या मागून वळवून तिनं तोटी धरली, अगदी हळू. उजव्या हातानं चहाचा काचेचा पेला गोल गोल फिरवायला लागली. माझ्यात नुसतं पाणी. आधी धार पडायची. मग थेंबांची माळ. मग सुटा थेंब. माझ्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा पहिल्यांदा तिला दिसला तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "अरे चोरा, तू होतास होय!" आकडा उभ्यानं वाचायची, म्हणून दर वेळी चुकायची. मग गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या खोलगट तळाच्या रेषेत आणायला शिकली. पुढे माझ्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी आलं, पेल्यात लिंबाचा रस आणि चिमूटभर हळद. एका थेंबात पिवळ्याचं लाल व्हायचं. पहिल्यांदा तिनं इतकं जास्त ओतलं की पेला रागावल्यासारखा लालभडक झाला. आईची हळद संपत आली, पण लाली हळूहळू फिकी होत गेली.

एक खोड काही जाईना. भरून झाल्यावर माझ्या डोक्यावरचं नरसाळं काढायचं ती विसरायची. मग त्यातून एखादा चुकार थेंब मागाहून माझ्यात उतरायचा आणि आकडा खोटा पडायचा. खोटं न बोलणारी मी, नाइलाजानं खोटी ठरायचे. फार लागायचं मला ते.

परीक्षेचा दिवस उजाडला. टेलरकाकूंनी माझ्यासाठी कापूस भरलेली गवसणी शिवली होती, नाडीसकट. "नवरीसारखी ने हिला," त्या म्हणाल्या. मिशीकाका दारात उभे होते. आज मिशीला तेल जरा जास्तच होतं. "जा, जा," ते म्हणाले, "झालरीचं कापड मी निळं ठरवलंय."

प्रयोगशाळेत बाहेरचे परीक्षक आले होते. बोलणं कमी, चालताना बुटांचा आवाज नाही, आणि नेमके पाठीमागे येऊन उभे राहायची सवय. मला स्टँडवर चढवलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलं जरा लांब सरकली. तिनं ते पाहिलं. तिचा हात कानाकडे गेला आणि परत खाली आला. इथं कापसाचे बोळे चालणार नव्हते.

तिनं मला धुतलं, भरलं, बुडबुडा काढला, आकडा वाचला आणि तोटी सोडली. नरसाळं माझ्या डोक्यावरच! अगं काढ, काढ, मी आतून आक्रोश करत होते. चंबू गुलाबी झाला, तिनं आकडा घेतला, मान वर केली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. नरसाळं दिसलं होतं. नरसाळ्याच्या टोकाला एक थेंबही दिसला.

परीक्षक मागेच उभे. वेळ थोडा. तोच आकडा दिला असता तर कुणाला कळलं असतं? तिनं नरसाळं उतरवलं, आकड्यावर काट मारली, चंबू ओतून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

थेंब. थेंब. चंबू फिरतोय. गुलाबी छटा यायची, विरघळून जायची. आता एकच थेंब उरला असेल, किंवा तोही नाही. तो माझ्या टोकाशी फुगून लोंबत होता, आणि तेवढ्यात...

खळ्ळ!

सगळ्या प्रयोगशाळेच्या माना एकदम वळल्या. कुणाकडे? तिच्याकडे. बाईंच्या तोंडून अर्धं "सांभा..." निघालंसुद्धा. माझं सर्वांग आखडलं. बहिणीच्या वेळचा तोच आवाज, तोच हात तोटीवर. आता दचकेल, आता स्टँड कलेल, संपलं!

हात हलला नाही.

"मी नाही," ती म्हणाली. नजर माझ्या टोकावरून न काढता.

पलीकडच्या टेबलावर एका मुलाचा चंबू फुटला होता. इकडे माझा थेंब अजून लोंबतच होता. तिनं चंबू वर उचलला, त्याच्या आतल्या काचेला तो अर्धा थेंब नुसता टेकवला आणि बाटलीतल्या पाण्यानं खाली धुऊन घेतला. चंबूला फिकट गुलाबी रंग आला. इतका फिकट की पांढऱ्या कागदाशिवाय दिसू नये. तो आला आणि टिकला.

पाठीमागून परीक्षक पहिल्यांदा बोलले, "हे कुणी शिकवलं?"

"हिनं," तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

निकालात ती प्रात्यक्षिकात नुसती पास नव्हती, पुढे होती. बाईंनी मला तिलाच देऊन टाकलं. "टवका उडालेली आहे, पण तुझ्याच हातात शोभते."

संध्याकाळी अंगणात खुर्ची आली. मिशीकाका मात्र येईनात.

"परीक्षेत फुटलं होतं म्हणे काहीतरी," ते दुकानातूनच म्हणाले. "आवाज झाला होता. मग?"

"दुसऱ्यानं फोडलं!" टेलरकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "हिच्या हातून असं ठरलं होतं. बाहेर या, नाहीतर मशीनच्या पट्ट्यानं बांधून आणीन."

आख्खी बिल्डिंग गॅलऱ्यांत लोटली. आई, बाबा, अर्ध्या दाढीची गिऱ्हाईकं, सगळे. मी माझ्या गजावरून बघत होते. काका येऊन खुर्चीत बसले, गळ्याभोवती त्यांचंच फडकं. मुलीनं त्यांचीच कात्री घेतली, त्यांचाच रेझर साबणात बुडवला.

मित्रांनो, भीती कशी दिसते ते मला विचारा. काकांनी खुर्चीचे हात मुठींत आवळले होते, डोळे फिरत होते, आणि कपाळावरचा घाम मला तिसऱ्या मजल्यावरून दिसत होता. माझ्या बहिणीची शपथ, मला त्यांची दयाच आली. तुमच्याही घरात, वर्गात कुणी खळ्ळू असेल. तिच्या हातात काही नाजूक आलं की तुम्हाला ओरडावंसं वाटेल. काचेवर माया असेल तर गप्प बसा. मुलीवर माया असेल तर आणखी गप्प बसा.

मुलीनं कात्री मिशीजवळ नेली. आणि सवयीनं सगळ्या गॅलऱ्यांतून एकदम आवाज उठला, "सांभाळ!"

"ओरडू नका रे!" खुर्चीतून काका केविलवाणे किंचाळले. "देवाशपथ, कुणी ओरडू नका! हात हलेल ना तिचा!"

अंगण चिडीचूप झालं. ती खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसली आणि तिनं डोळा नेमका मिशीच्या रेषेत आणला. डावा हात हनुवटीखाली, उजवा अगदी हळू. पहिलं टोक फडक्यावर पडलं. मग दुसरं.

कसलाच आवाज झाला नाही.