जाळीची भिंत

२००३ साली धानोऱ्याजवळच्या मुलींच्या आश्रमशाळेचं नवं वसतिगृह मी आखून दिलं. ऊर्जा सल्लागार ना मी! मे महिन्यात जुन्या शाळेत दिवसभर मोजमापं घेतली. पारा सत्तेचाळीसवर. तिथेच ठरवलं, दोन्ही लांब भिंतींत विटांची जाळी ठेवायची, पंख्याशिवाय खोल्या गार राहतील. नागपूरच्या परिषदेत हे सांगून टाळ्याही घेतल्या, गाढवानं.

वसतिगृह बांधून झालं, त्यानंतरच्या जानेवारीत फोटो काढायला गेलो. पोरींनी जाळीचं एकेक भोक आपले जास्तीचे गणवेश कोंबून बुजवलं होतं. सकाळचे नऊ वाजले तरी चौघीचौघी एका घोंगडीत बसलेल्या. त्यातली एक सारखी खोकत होती. कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नाही.

स्वयंपाकघरात शाळेच्या जुन्या स्वयंपाकीण सुकरीबाईंनी चहा दिला. स्वतःची लाज झाकायला मी म्हणालो, "उन्हाळ्यात तरी बरं वाटत असेल पोरींना?"

"उन्हाळ्यात शाळेले सुट्टी राह्यते, भाऊ. पोरी घरी जातेत, तेंदूपत्ता तोडाले."

बाईंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"तुमी मोजाले आले होते, तवा शाळेचं कुलूप मीनंच काढलं होतं ना."