गोमाईचं माहेर

लोणखेड्याहून प्रकाशाला जायचं म्हणजे तोंडातलं पान संपायच्या आत पोचायचं. अनुसयाबाईंची सून सीमा तिथंच माहेरी जाऊन बसली होती. आणि तिला परत आणायला म्हणून अनुसयाबाई सकाळी बोलेरोत बसल्या त्या नेमक्या उलट्या दिशेला, सातपुड्यात निघाल्या.

भांडण टाकीवरून झालं होतं. सीमा पाण्याची मोटर चालू करून मोबाइलमध्ये रमली, टाकी भरून वाहिली, अंगणाचा चिखल झाला. सीमाच्या वडिलांचं शेत तापीच्या काठाला. तोच धागा पकडून अनुसयाबाई बोलून गेल्या, "तुन्हा बापनी आंदनमा तापी दियेल शे का?" सीमानं बॅग भरली. अनुसयाबाईंचा मुलगा धर्मेंद्र बायकोला आणायला दोनदा गेला आणि दोन्ही वेळा सासूच्या हातचं पोटभर जेवून एकटाच परत आला.

सुनेवाचून घर खायला उठलं होतं, पण हे कबूल कोण करणार? त्यापेक्षा अनुसयाबाईंनी नवसाचं निमित्त काढलं. गोमाई नदी त्यांच्या गावावरून वाहत पुढं प्रकाशाला तापीत मिळते. तिचा उगम म्हणजे तिचं माहेर. तिथं जाऊन तिची ओटी भरली, की ती वाहत वाहत जाऊन सीमाची समजूत घालील. नदीला एवढं काम सांगायला त्यांना काही वाटलं नाही.

"प्रकाशा जवळ शे," गाडी चालवता चालवता त्यांचे यजमान चुनीलाल म्हणाले. "हाऊ डोंगर कसाले चढी ऱ्हायनात आपण?"

"मी सासू शे. मी तिना दारले जासू का?"

चुनीलालांनी मुकाट्यानं गियर बदलला. इतक्या वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसावं हे त्यांना चांगलं कळलं होतं.

रस्ता संपला तिथं गाडी ठेवली आणि पायवाट धरली. अनुसयाबाईंच्या डोक्यात दगडी गोमुख होतं, कुंड होतं, निदान एखादी घंटा तरी. धापा टाकत वर पोचल्या तर खडकाखाली परातीएवढा एक झिरा. त्यात एक बेडूक, आणि काठावर वाटीनं हंडा भरत बसलेली एक म्हातारी. तिचं नाव दिवलीबाई. घरी ती पावरी बोलायची, पण शहाद्याच्या बाजारात चारोळी विकता विकता अहिराणी शिकली होती.

"हाईच गोमाई?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"हाईच." दिवलीबाईनं त्यांच्या हातातली हिरवी साडी, नारळ, खण बघितला आणि तिचा चेहरा खुलला. "सासरना लोके शेतस का तुमी? पोरले घेवाले उनात?"

चुनीलालांना मोठी गंमत वाटली. "हो, सासरनाच," ते म्हणाले.

"कशी शे आमनी पोर?"

आता लोणखेड्याजवळ गोमाईची काय दशा आहे, हे चुनीलाल तरी कोणत्या तोंडानं सांगणार? "बरी शे," ते डोकं खाजवत म्हणाले, "पण जराशी वाळी गई."

दिवलीबाईचा हात वाटीसकट थांबला. "आम्ही तं चांगली भरीसन धाडेल व्हती. तिले कोणी काही बोलनं का?"

चुनीलाल हसणार होते, पण बायकोकडं बघून हसू गिळलं. अनुसयाबाईंचे डोळे भरले होते. त्यांना फार लाज वाटली. ओटी भरायची तर भरून मोकळं व्हावं, म्हणून त्या साडी घेऊन घाईघाईनं झिऱ्यापाशी वाकल्या. दिवलीबाईनं हात आडवा घातला.

"साडी आठे टाकशी तं मी पानी कसानं भरू? आनि पोर आठे कोठे शे, बाई? ती तं कधीनी खाल गई. तिले घेवाले खालच जावं लागी."

अनुसयाबाई साडी छातीशी धरून उठल्या. निघताना दिवलीबाईनं पळसाच्या पानात मूठभर चारोळी बांधून दिली. पोरीला दे म्हणाली.

गाडी लोणखेड्याच्या फाट्यावर आली, चुनीलालांनी घराकडं वळवायला इंडिकेटर दिला.

"सरळ चला," अनुसयाबाई म्हणाल्या. चुनीलालांनी इंडिकेटर बंद केला.

प्रकाशाला सीमानंच दार उघडलं. दारात सासू बघून ती डोक्यावरून पदर घ्यायचंही विसरली. अनुसयाबाईंनी तिच्या हातात साडी दिली, वर ती चारोळीची पुडी ठेवली.

"हाई तुन्हा माहेरथून उनी," त्या म्हणाल्या. तिच्याच माहेरच्या दारात उभं राहून आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळलं, पण दुरुस्त करायला शब्द सापडेनात.

सीमाला काही उमगलं नाही. पण सासू उंबऱ्याबाहेर उभी आहे, चपला धुळीनं लाल झाल्यात आणि डोळेही, एवढं तिला दिसलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"पण माय," ती म्हणाली, "तापी तं आठेच ऱ्हाई."

"ऱ्हाऊ दे," अनुसयाबाई म्हणाल्या. "तू चाल."