धुरंधरबाबा आणि पिवळा दिवा

मैदानात गाड्यांची ही भली मोठी रांग! टॅक्सी, टेम्पो, एक शववाहिकासुद्धा. तिच्या आतल्याची काही तक्रार नव्हती; होती ती ड्रायव्हरची. रांगेच्या टोकाला टायरांच्या चळतीवर धुरंधरबाबा बसले होते. गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की लोक त्यांच्याकडे येत. बाबा बॉनेटवर हात ठेवत आणि गरजत, "धूरपिशाच्चा, नीघ! आलास तसा मागच्या नळीनं चालता हो!"

आणि दिवा विझे. गर्दी हात जोडे, खिसे सैल होत.

"बघितलंस?" माझा नवरा कानात कुजबुजला. "कुठल्या मेकॅनिकला जमलं असतं हे?"

मेकॅनिककडे तो गेलाच नव्हता. आमच्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला ते सांगणारा बोटभर भाग, बिघडला होता. नवरोबांनी मूळ कंपनीचा नसलेला स्वस्त सेन्सर मागवला, मोबाइलवर व्हिडिओ बघत धुराच्या नळीत स्वतःच बसवला आणि हात पुसत जाहीर केलं, "बल्ब बदलण्याइतकं सोपं!" थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला. सेन्सर तर नवाकोरा, आणि चूक नवरोबांची असणं शक्यच नव्हतं. राहता राहिलं पिशाच्च.

आमची पाळी आली. बाबांचा चेला, चांगला टक्कल पडलेला गृहस्थ, 'नजर उतरवायला' आत बसला, स्टिअरिंगवर काळं फडकं पसरून खाली वाकला. बाबा गरजले. दिवा विझला. वर अत्तराची कुपी मिळाली.

"आरशाला टांगा. खिडक्या बंद ठेवा, नाहीतर कृपा उडून जाईल."

"पेट्रोलसारखी?" मी विचारलं.

"ताई, तर्क घरी ठेवून येत जा," बाबा म्हणाले. लोक मनापासून हसले.

आठवड्याभरात दिवा परत लागला. बाबांचं निदान तयार होतं, "श्रद्धेला गळती आहे." मग पुन्हा रांग, पुन्हा गर्जना.

मधल्या काळात सासूबाईंना गाडीत वेगळाच अनुभव येऊ लागला. घरी पंख्याच्या आवाजानंही कातावणाऱ्या सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून डोलायच्या. "काय हलकं वाटतं गं! डोकं तेवढं ठणकतं." नवऱ्यानं जाहीर केलं, "आईला समाधी लागते!" बातमी पसरली. शेजारच्या दोघी मुद्दाम फेरी मारायला आल्या. एकीला समाधी लागली, दुसरीला उलटी झाली.

लांबच्या लग्नाला सगळ्यांनी गाडीनंच जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी माझी डॉक्टर नणंद आली. सासूबाई फेरी मारून गाडीतून उतरताना झोकांडल्या आणि लेकीकडे बघत म्हणाल्या, "तू कोण गं?"

नणंदेनं तिला धरून मोकळ्या हवेत बसवलं. "दादा, ही समाधी घरात का लागत नाही? बसमध्ये का लागत नाही?"

ती आईला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. ऑक्सिजन लावल्यावर आई हळूहळू माणसांत आली, तेव्हा नणंद भावाला म्हणाली, "बंद गाडीत लग्नापर्यंत गेला असतात, तर हिची खरीच समाधी बांधावी लागली असती." त्यानं गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

गॅरेजात मेकॅनिकनं सेन्सरभोवती साबणाचं पाणी लावलं. बुडबुडेच बुडबुडे! नवरोबांनी आटे वाकडे पिळले होते. फटीतून निसटलेला धूर एसीच्या पंख्यावाटे गाडीत येत होता. वास अत्तरानं झाकला होता, आणि खिडक्या तर कृपेसाठी बंदच. डोकं आमचंही जड व्हायचं, पण ते आम्ही रस्त्यावरच्या गर्दीच्या माथी मारलं होतं. सेन्सर नीट बसला, पण पुन्हा लागलेला दिवा मात्र नणंदेनं मुद्दाम तसाच ठेवायला लावला.

मैदानावर ती चेल्याकडे बोट दाखवत बाबांना म्हणाली, "घालवा दिवा. फक्त हे काका बाहेर उभे राहतील."

बाबा गरजले. पुन्हा गरजले. घसा बसला, दिवा हलेना.

"पिशाच्च हट्टी आहे!"

"की बहिरं आहे?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

नणंद स्टिअरिंगखाली वाकली, मेकॅनिककडून आणलेलं काडेपेटीएवढं यंत्र तिथल्या खाचेत खुपसलं आणि मोबाइलवर बोट टेकवलं. दिवा गेला. "स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. गाडीनं करून ठेवलेली बिघाडाची नोंद पुसतं, बिघाड नाही. म्हणून तर दिवा परत लागतो."

एका टॅक्सीवाल्यानं चेल्याचं फडकं ओढलं. आतून तसंच यंत्र खाली पडलं. चेला आधी पळाला, बाबा त्याच्या मागोमाग. त्यांना पकडायला लोक धावले, पण माझा नवरा जागेवरच उभा होता.

"दिवा ओरडून सांगत होता," तो गर्दीला म्हणाला, "आणि मी त्याचं तोंड बंद करायला इथे येत होतो. आई मागे बसलेली असायची."

या वेळी कुणीच हसलं नाही.

गाडी असो की शरीर, त्रास का होतोय ते शोधा. स्वतःला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याच्याकडे जा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "पुन्हा करून दाखवा, पण आता आम्ही सांगू तसा."