आख्यानातलं पेव

हरिदासाच्या मागं झांज धरून उभं राहण्याचं सुख ज्याला मिळालं, त्यानं स्वर्गाची चौकशी करू नये. मला ते सुख आमच्या शालिग्रामबुवांमुळं मिळालं. बुवांनी रचलेलं ‘उदार भक्ताचं आख्यान’ त्या काळी चिखलीपासून मेहकरपर्यंत बायका जात्यावर म्हणत, गुराखी रानात म्हणत, आणि ज्यांनी जन्मात कुणाला पसाभर दाणे घातले नाहीत ते तर डोळे मिटून म्हणत. त्यातली ही ओवी सगळ्यांच्या तोंडी होती:

न पुसे नाव, न पुसे गाव। उघडिले घरचे पेव।
म्हणे देवा तुझीच ठेव। तूच नेई॥

आता खरं सांगतो. हा उदार भक्त म्हणजे आमच्या उंद्रीतली अंबूबाई माळीण. संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात दारी आलेल्या परक्या माणसांना तिनं घरची ज्वारी वाटून टाकली. तिच्याकडं कुठलं पेव! तुराट्यांची एक कणगी होती, तीही उंदरांनी पोखरलेली. पण ‘गाव’ आणि ‘ठेव’ यांच्या मधे कणगी काही केल्या बसेना. बुवांनी पेव घातलं आणि तिथंच घात झाला. जमिनीत खोल पेव खणून त्यात वर्षानुवर्षं ज्वारी साठवण्याची ऐपत गावात दोनच घरांची: भगवंतराव देशमुख आणि त्यांचे चुलतभाऊ शेषराव.

अंबूबाई वारली, आणि दोघंही उदार झाले. शेषराव सांगत, “बुवा माह्या पेवावर बसून जेवले, मंग त्यायले ओवी सुचली.” भगवंतराव म्हणत, “त्याच्या पेवात मांजर मावत नाही, गाव काय जेवन?” वर्षभर भाऊ भावाच्या घरचं पाणी पिईना. शेवटी भगवंतरावांनी आख्यान स्वखर्चानं छापून घेतलं आणि पहिल्याच पानावर ‘यातील उदार भक्त ते आम्हीच’ असं घातलं. रावसाहेब ही पदवी मिळावी म्हणून नागपूरच्या सरकाराकडं अर्ज गेला, त्याला हे पुस्तक जोडलं. बुवा काही बोलले नाहीत. मीही नाही. सप्ताहात आम्ही देशमुखांकडंच जेवत होतो, आणि तोंडात तुपाचा घास असला की सत्य जरा दमानं घ्यावं लागतं.

मग पुन्हा दुष्काळ पडला. अंबूबाईची विधवा सून मनकर्णाबाई लेकरांना रानातल्या तरोट्याचा पाला उकडून घालत होती. ती देशमुखांकडं ज्वारी मागायला गेली. भगवंतराव म्हणाले, “पेव रिकामं हाय, बाई. घुशी लागल्या.”

सप्ताहाचा शेवटचा दिवस. तिसरा प्रहर. बुवांनी कीर्तनाच्या उत्तररंगाला हेच आख्यान लावलं. ‘उघडिले घरचे पेव’ म्हणताच बायकांतून मनकर्णाबाई उठली.

“बुवा, थांबा जरा. मालक, या ओवीतले भक्त तुमीच ना? मंग पेव कवा उघडता?”

भगवंतरावांनी फेटा सावरला. “अवं बाई, आख्यान हाय ते. आन खरं सांगू? ते आमच्या शेषरावावर रचलं हाय. लय मोठ्या मनाचा मानूस!”

शेषराव ताडकन उठले. “माह्यावर? अजिबात नाही! पुस्तकात तुमचं छापलं हाय, दादा. आता काऊन नाही म्हन्ता?”

“तूच सांगत होता ना बे, बुवा पेवावर बसून जेवले म्हणून?”

“जेवले असतीन. मले आठवत नाही.”

मंडप हसून लोटपोट. भगवंतराव बुवांकडं वळले. “बुवा, नारदाच्या गादीवर उभे आहात तुमी. खोटं बोलू नका. कोनावर रचलं?”

बुवांच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला. खरं सांगावं तर देशमुख सुटले आणि पेव मिटलेलंच राहिलं. खोटं त्या गादीवरून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. “मालक, खरं म्हणजे—”

“बुवाले काय इचारता?” मनकर्णाबाई मधेच बोलली. “माही सासू मरेपर्यंत सांगे, ते भगवंतराव मालकावरच हाय. तिनं डोयानं पाह्यलं व्हतं. आन नागपूरच्या सरकारले तुमीच लिहून देल्लं ना? का सरकारले खोटं लिवलं, मालक?”

भगवंतरावांनी पुन्हा फेटा सावरला. बुवांनी तोंड मिटलं. मी झांजा जोरात वाजवल्या, आणि मंडपात ‘धन्य भगवंतराव!’ असा गजर उठला.

दुसऱ्या दिवशी पेवावरचा दगड सरकवला. आतली वाफ जाऊ दिली आणि मग माणसं उतरली. घुशी लागलेल्या त्या रिकाम्या पेवातून आठ दिवस ज्वारी निघत होती. भगवंतराव काठावर हात जोडून उभे. पहिल्या दिवशी चेहरा प्रेत उचलल्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी लोक पायाला हात लावू लागले तेव्हा त्यांनाच वाटू लागलं, आपण जन्मापासून असेच.

आम्हा दोघांना वाटेत मनकर्णाबाई भेटली, डोक्यावर ज्वारीचं टोपलं. बुवांनी तिच्यापुढं हात जोडले. “बाई, तुह्या सासूचा मान दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. मी नुसता पाहत राह्यलो.”

“मान काय रांधून खाता येते, बुवा?” तिनं टोपलं सावरलं. “बाजूले व्हा. लेकरं वाट पाहून राह्यले.”

बुवा बाजूला झाले.