आम्ही की आपण

काकूंनी साठीला टेकल्यावर इंग्रजी शिकायला घेतलं, तेव्हा हसणारे काही कमी नव्हते. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली: शिलाई मशीन, इस्त्री, आणि लोकांच्या कमरेत घट्ट झालेल्या पँटी. हसणाऱ्यांना त्या टाचण्या तोंडात धरूनच उत्तर देत, म्हणजे देतच नसत. खरं कारण घरात होतं. जावई परभाषेचा. लेक आणि तो इंग्रजीतच बोलत, आणि काकू जेवायच्या टेबलाशी नुसती मान डोलावत बसत. स्वतःच्या त्या डोलणाऱ्या मानेचा त्यांना भयंकर राग येई.

आठवड्यातून तीनदा त्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्गाला जात. मास्तर पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासत. दर चार शब्दांनी थांबायची सवय, म्हणून वर्गाने त्यांचं नाव स्वल्पविराम ठेवलं होतं. काकूंच्या शंकांनी ते जेरीस आले होते. आयर्नमधला आर लिहायचा ओच्या आधी आणि बोलायचा नंतर, हे कोणी ठरवलं? पँट एकच, मग ती अनेकवचनी का? पाय दोन असतात म्हणून, असं मास्तरांनी सांगून पाहिलं. मग शर्टाला बाह्या दोन नसतात का, असं काकूंनी विचारल्यावर मास्तरांनी तास पाच मिनिटं आधीच सोडला.

एका संध्याकाळी जावई फोनवर कुणाला तरी म्हणाला, "वी आर मूव्हिंग इन मार्च." त्याच्या बदलीचं घरात कुजबुजत चाललंच होतं. काकूंना अख्खं वाक्य कळलं, एकही शब्द निसटला नाही, आणि क्षणभर त्यांना नुसता आनंद झाला. मग त्या पहिल्याच शब्दाशी अडल्या. वी म्हणजे कोण? ती दोघंच, की त्यांनाही धरून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हेच विचारलं. इंग्रजीत एकच शब्द आहे, मास्तर म्हणाले, आम्हीला तोच आणि आपणलाही तोच.

"मग ऐकणाऱ्याला कसं कळायचं, तो आत आहे की बाहेर?"

या खेपेला मास्तर जरा जास्तच थांबले. "विचारावं लागतं," ते म्हणाले, आणि कसं विचारायचं ते त्यांनी फळ्यावर लिहून दिलं.

लेकीला मराठीत विचारता आलं असतं. पण ती चार दिवस नजर चुकवत होती, आणि वाक्य ज्याने उच्चारलं त्यालाच जाब विचारायचा, असं काकूंनी ठरवलं. दिवसभर मशीनच्या तालावर त्यांनी फळ्यावरचा प्रश्न घोकला. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या पँटीची नुसती चड्डीच व्हायची, ती थोडक्यात वाचली.

जेवताना त्यांनी चमचा खाली ठेवला. "मार्च. यू सेड वी. डू यू मीन मी टू?"

जावई चकित झाला. "ऑफ कोर्स, आई. ऑल ऑफ अस." आणि त्याने बायकोकडे पाहिलं, तू सांगितलं नाहीस का अशा नजरेने.

लेक ताटात बघत मराठीत म्हणाली, "आई, आम्ही पुढे जातो. तुझं दुकान इथे, गिऱ्हाइकं इथे. नंतर बघू."

जावयाला त्यातलं काही कळलं नाही. काकूंना मात्र सगळं एका शब्दात कळलं. परक्याच्या पोराने त्यांना आत धरलं होतं आणि पोटच्या पोरीने बाहेर ठेवलं होतं. त्यांना फार लागलं. पण टाका चुकला की कपाळाला हात लावून बसायचं नसतं, उसवून परत घालायचा असतो, एवढं तीस वर्षांत त्या शिकल्या होत्या.

"चुकलं," त्या अगदी मास्तरांसारखं म्हणाल्या. "आम्ही नाही. परत म्हण."

"तुला तिथे करमायचं नाही गं."

"ते माझं मी बघेन. दुकान माझं आहे, कुठे मांडायचं ते मी ठरवीन. तू शब्द नीट घाल."

जावई घास हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. लेकीचे डोळे भरून आले.

"आपण," ती हळूच म्हणाली.

काकूंनी चमचा उचलला. "पूर्ण वाक्यात," त्या म्हणाल्या.