उंच चेंडू

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला तो १९५८च्या डिसेंबरात: ‘तिसरीच्या मुलांचे चेंडू झेलणे उत्तम.’ मुरुड-काशीद रस्त्यावरच्या त्या गावात शाळा दोन खोल्यांची होती आणि चेंडू एकच, रबरी. धर्माजी गुरुजींनी तो अलिबागला शिक्षकांसाठी भरलेल्या दहा दिवसांच्या खेळाच्या शिबिरातून आणला होता. ते स्वतः माणगावकडचे, भातशेतीच्या गावातले.

सरपटी चेंडू अडवायला मुलं चटकन शिकली. उंच चेंडूखाली मात्र वाडीतली, म्हणजे नारळाच्या बागांत राहणारी मुलं काही केल्या उभी राहत नसत. चेंडू वर गेला की डोक्यावर हात घेऊन बाजूला पळत. गुरुजींना तो भित्रेपणा वाटला. सगळ्यांत आधी पळे ती राही, माडावर चढून नारळ पाडणाऱ्या गुणाजीची आठ वर्षांची मुलगी. गुरुजींनी तिला रांगेपुढे एकटीला उभं केलं आणि वर्गाकडून ‘भित्री भागूबाई’ म्हणवून घेतलं. एकदा नव्हे, आठवडाभर. जागा सोडायची नाही, नजर चेंडूवर, ओंजळ छातीशी. आठव्या दिवशी राही हलली नाही. तपासणीत तिनं पाचपैकी पाच झेल घेतले.

त्यानंतरच्या रविवारी गुणाजी माडावर होता. कोयत्याचा धक्का लागून एक नारळ सुटला. त्यानं वरून नेहमीची, बाजूला पळायची हाक दिली. खाली राहीनं मान वर केली आणि ओंजळ धरून उभी राहिली.

नारळ मनगटावर आदळून बाजूला पडला. डोकं वाचलं ते वीतभर अंतरानं.

गुरुजी संध्याकाळी तिच्या घरी गेले. चूक माझी आहे, हे वाक्य त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं. राही हाताला फळ्या बांधून बाजेवर बसली होती. तिच्या आईनं, केसरनं, चहा केला. गुणाजी मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, तुमी येवढं शिकवलंत, पन पोरीला झेलता न्हाय आलं. रागावू नका.”

“नजर न्हाय हलवली, गुरुजी,” राही म्हणाली.

लवकर बरी होशील, असं काहीतरी गुरुजी पुटपुटले. चहा संपवला आणि उठले. वाक्य तसंच राहिलं. गुणाजी रस्त्यापर्यंत पोचवायला आला आणि त्यानं दोन शहाळी हातात दिली. ती नको म्हणायचाही धीर गुरुजींना झाला नाही.

सोमवारी त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं. आजपासून वरून काही आलं की बाजूला पळायचं, माडाखाली तर पळायचंच, कुणी हसणार नाही, असं सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं. गुरुजींनी चेंडू उंच उडवला आणि ‘पळा’ म्हणाले. पुन्हा म्हणाले. रांग हलली नाही. सगळ्यांच्या नजरा चेंडूवर होत्या, सगळ्यांच्या ओंजळी छातीशी होत्या.

चेंडू वाडीतल्याच कोंडाजीनं झेलला. “फसलो न्हाय आमी, गुरुजी,” तो हसत म्हणाला.

गुरुजींनी चेंडू मागून घेतला आणि मुलांना खाली बसवलं.

“राहीचा हात माझ्यामुळे मोडला,” ते म्हणाले. मागच्या मुलांना ते ऐकू गेलं नाही. त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.