वीस सह्या

युवराजनं तिजोरीच्या दाराला लाथ घातली तेव्हा बाबांचा उजवा हात आत होता. लोखंडाचा आवाज झाला आणि त्याच्या पोटात दुसरा एक. तो मी ओळखला. अकरा वर्षं मी खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. मोडलेली हाडं रोज पाहते, पण मोडताना ऐकलं ते त्या दिवशीच.

बाबा ओरडले नाहीत. "वही दे. बाकी तुझं मला काय नको हाय," एवढंच म्हणाले.

भांडण त्या वहीचंच होतं. माझे बाबा, धर्मपाल, एकतीस वर्षं होटगीकडच्या रेल्वेलायनीवर गँगमन होते. रुळावर घण मारून मारून जे काही गाठीला राहिलं, त्याचे त्यांनी रिटायर झाल्यावर शेअर घेतले. घेऊन दिले युवराजनं. नवी पेठेत त्याचं ऑफिस, एका ब्रोकर कंपनीचा तो इथला माणूस. खरेदीला दलाली, विक्रीला दलाली, खातं सांभाळायचे वर्षाचे वेगळे, फोनवरून सांगितलं तर त्याचे आणखी वेगळे. एकदा मी त्यांचा कागद नीट वाचला आणि माझं डोकंच फिरलं. स्वस्तातल्या दुसऱ्या ब्रोकरकडे मोबाइलवरून बाबांचं नवं खातं उघडून दिलं. आता जुन्या खात्यातले शेअर तिकडे न्यायचे, म्हणजे स्लिपांच्या वहीतलं एक पान भरून, सही करून कंपनीत द्यायचं. इतकं सोपं.

वही कुठाय विचारलं, तर ती युवराजकडे.

"आन् सह्या केल्यात की मी," बाबा म्हणाले. "समद्या पानांवर."

वीस कोऱ्या पानांवर सह्या. युवराजनं मनात आणलं असतं तर एका दुपारात बाबांची जन्मभराची कमाई कुणाच्याही नावावर गेली असती. मी बाबांना नको नको ते बोलले.

अशी चूक माझ्या बाबांनीच करावी. माझी आजी, भीमाबाई, रेशनपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे अंगठा उठवत आली. आमच्या घरात सही करणारे पहिले बाबा. आणि सही तरी कसली, अख्खं नाव, वर रुळासारखी लांब सरळ रेघ आणि खाली दोन टिंबं. पगाराच्या दिवशी त्यांच्यामागे रांग खोळंबायची, बाबू कावायचा, पण टिंबं दिल्याशिवाय बाबा पेन ठेवायचे नाहीत. त्यामुळं युवराज जेव्हा म्हणाला की काका, सारखं कशाला हेलपाटे घालताय, एकदाच सह्या करून ठेवा, तेव्हा दुसऱ्या कुणाला शंका आली असती. बाबांनी चहा मागवला आणि वीसच्या वीस सह्या चवीनं केल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. आधी तो गोडच बोलला. खातं हलवायचं म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. बाबांच्या शब्दावर गँगमधली तीसेक माणसं त्याच्याकडे आली होती. बाबा गेले की ती सगळी जाणार, हे त्याला बरोबर कळलं. वही पुण्याला पाठवलीय म्हणाला. मग कुणाचे तरी कागद ठेवायला त्यानं तिजोरी उघडली, आणि वही समोरच होती. बाबांनी हात घातला.

"काका"चं तिथंच "तू" झालं.

"तुमच्यात अंगठ्याच्या वर कोण गेल्तं रे? शेअर म्हंजे काय ते मी शिकवलं तुला," युवराज म्हणाला आणि त्यानं लाथ घातली. बाबांनी वही सोडली नाही म्हणून त्यानं दुसरी घातली.

टेबलावर कागदांना भोकं पाडायचं लोखंडी मशीन होतं. ते उचलून मी त्याच्या तोंडावर मारलं. दोन दात टेबलाच्या काचेवर पडले. पुन्हा मारलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात गेलं, तो खुर्चीसकट मागं कोसळला. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा मला त्याला जिवेच मारायचं होतं, हे मी इथं कबूल करते. बाबा म्हणाले, "संगे, त्ये ऱ्हाऊ दे. दार उघड." म्हणून तो वाचला.

दार उघडलं तरी बोटं उघडेनात. वही मी त्यांच्या मुठीतून ओढून काढली.

चौकीत त्याची तक्रार माझ्यावर, आमची त्याच्यावर. आपसात मिटवा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी मिटवणार नाही. केस चालू आहे, चालू दे. मला पस्तावा विचाराल तर एकच आहे, थोडे पैसे वाचवायला मी बाबांना तिथं नेलं.

त्यांचा एक्स-रे मीच काढला. सवयीनं "श्वास रोखा" म्हणाले. हाताच्या फोटोला श्वास रोखायची काही गरज नसते, तरी बाबांनी रोखला. पडद्यावर अंगठ्याच्या जागी नुसता चुरा होता. दुसऱ्या दिवशी अंगठा काढून टाकावा लागला. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं विचारलं, किती पानं खराब झाली? मी मोजली. रक्त पुठ्ठ्यापाशीच थांबलं होतं. वीसच्या वीस सह्या धड होत्या.

तीन आठवड्यांनी आम्ही युवराजच्या त्या ब्रोकर कंपनीच्या मुख्य ऑफिसात गेलो. एका पानावर शेअरची नावं आणि नवा खाते क्रमांक मी भरला. काउंटरवरच्या बाईंनी सही संगणकावर ताडून पाहिली आणि जुळते म्हणाल्या. दोन दिवसांत शेअर तिकडे दिसतील.

मग पोचपावती पुढं केली. बँडेजकडे बघून शाईचा पॅडही सरकवला. "काका, डावा अंगठा दिला तरी चालेल." त्या मायेनंच म्हणाल्या. तरी माझ्या कानशिलात रक्त चढलं, मी खुर्ची मागं सारून उठलेच. बाबांनी पॅड हळूच बाजूला केला. डाव्या हातात पेन धरलं आणि लिहीत राहिले. ध आडवा झाला, रेघ खाली घसरली. मागं माणसं खोळंबली. टिंबं दिल्यावरच त्यांनी पेन उचललं.

उरलेली एकोणीस पानं रेघ मारून रद्द करायची होती. मी पेन घ्यायला गेले.

"माझ्या हायत," बाबा म्हणाले. "मीच मारतो."

बँडेजच्या हातानं पान दाबून धरायचे, सही पाहायचे आणि तिच्यावरून आडवी रेघ ओढायचे. अठरा झाल्या. शेवटच्या पानावर थांबले. लांब सरळ रेघ, दोन टिंबं, सगळं जागच्या जागी होतं.

"एवढं एकच राहिलं, काका," बाई म्हणाल्या.

बाबांनी रेघ ओढली, पण नावाच्या खालून, टिंबांनाही न लागता. बाईंनी ते पाहिलं. 'रद्द'चा शिक्का त्यांनी सही सोडून कोऱ्या जागेवर मारला.